पाववाल्याचं थडगं, सम्राटाची कमान

रोमचं ठरलं तेव्हा मी ताईला एकच अट घातली, जिथे काही कोरलेलं दिसेल तिथे थांबायचं. ताई बँकेतून निवृत्त झालेली. ती म्हणाली, "थांबू की. पण हिशेबाचं काही दिसलं तर मग मीही थांबेन."

या अटीमागे कारण होतं. आपलं नाव दगडावर यावं ही हौस राजेरजवाड्यांना सगळीकडेच असते. प्राचीन रोममध्ये मात्र पाववाला, मासळीचा रस्सा विकणारा, गुलामीतून सुटलेला माणूसही आपलं नाव कोरून घेतो. सम्राटांबद्दल वाचायला पुस्तकं आहेत, पण या लोकांना भेटायचं तर त्या दगडांपुढेच उभं राहावं लागतं. अक्षरं मोठी, ठळक आणि आपल्याला शाळेपासून ओळखीची. चार-पाच संक्षेप पाठ केले की बरंच उलगडतं. नावापाठोपाठ 'एफ' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'एल' म्हणजे अमक्याने मुक्त केलेला गुलाम, 'सी-ओ-एस' म्हणजे कॉन्सल हा सर्वोच्च अधिकारी, आणि 'डी-एम' दिसलं की समजायचं, हे थडगं आहे.

सोमवार : फोरम आणि कलोसियम

कलोसियमच्या तिकिटावर आपलं नाव छापलेलं असतं, त्यामुळे पासपोर्ट सोबत ठेवावा लागतो. त्याच तिकिटात फोरम आणि पॅलेटाइन टेकडीही येते. आम्ही सकाळी आधी फोरममध्ये गेलो.

फोरम म्हणजे टेकड्यांच्या मधला सखल भाग. तिथे मुळात दलदल होती. मोठं गटार काढून पाणी टायबर नदीत सोडलं तेव्हा कुठे जागा वापरात आली. क्लोआका मॅक्झिमा नावाचं ते गटार अजून शाबूत आहे. त्या कोरड्या केलेल्या जागेवर बाजार भरला, देवळं उठली, न्यायनिवाडे झाले आणि भाषणं गाजली. परंपरेने रोमची स्थापना इ.स.पू. 753 ची धरतात, आणि राजाला हाकलून प्रजासत्ताक आणलं ते इ.स.पू. 509 चं. एकाच्या हाती सत्ता राहू नये म्हणून दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे, तेही एका वर्षापुरते. सल्ला द्यायला सिनेट. पण सिनेट खानदानी पॅट्रिशियन घराण्यांची होती. इ.स.पू. 494 मध्ये बाकीचे लोक, म्हणजे प्लेबियन, शहर सोडून चालते झाले. लढायला माणसं उरेनात तेव्हा त्यांना स्वतःचे ट्रिब्यून मिळाले. कॉन्सलचा हुकूमही अडवायचा अधिकार या ट्रिब्यूनांना होता. संपाचं हत्यार इतकं जुनं आहे हे त्या मातीवर उभं राहून आठवलं की अंगावर काटा येतो.

सिनेटची इमारत, क्युरिया, विटांची आणि अगदी साधी दिसते. सातव्या शतकात तिचं चर्च झालं म्हणून ती वाचली. सीझरचं दहन झालं तिथे त्याच्या देवळाचा चौथरा उरलाय आणि त्यावर लोक अजूनही फुलं ठेवतात. आम्ही गेलो तेव्हाही ताजी फुलं होती.

मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ते सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीने. ही कमान इ.स. 203 ची. सम्राट आणि त्याचे दोन मुलगे, काराकाला आणि गेटा, यांच्या गौरवासाठी उभारलेली. बाप गेल्यावर 211 मध्ये काराकालाने सख्ख्या भावाचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसायचा हुकूम सोडला. कमानीवरच्या लेखाच्या चौथ्या ओळीकडे नीट पाहिलं की दिसतं, तिथला दगड आजूबाजूपेक्षा खोल खरवडलेला आहे, आणि आजच्या अक्षरांशी न जुळणारी बारीक भोकं मध्येच डोकावतात. जुनी ब्राँझची अक्षरं ठोकण्याची ती भोकं. गेटाचं नाव काढून त्या जागी बाप आणि उरलेल्या भावाच्या स्तुतीचे शब्द बसवले. पण त्या भोकांवरूनच अभ्यासकांनी मूळ नाव पुन्हा वाचून काढलं. पुसायला सांगणाऱ्याला हे ठाऊक असतं तर त्याने बहुतेक आख्खी कमानच पाडली असती.

दुपारी कलोसियम. सम्राट निरोच्या महालातल्या तळ्याच्या जागी पुढचा एक सम्राट व्हेस्पेशियनने ते बांधायला घेतलं आणि त्याचा मुलगा टायटसने इ.स. 80 मध्ये शंभर दिवसांच्या खेळांनी खुलं केलं. खाली 80 कमानी होत्या. उत्तरेकडच्या बऱ्याच कमानी शाबूत आहेत आणि त्यांच्या माथ्यावरचे आकडे अजून वाचता येतात. तिकिटावर दाराचा आकडा, दारावर तोच आकडा, की पन्नासेक हजार माणूस विनागोंधळ आत. ताई त्या आकड्यांवर फार खूश झाली. आत मात्र आम्ही रेंगाळलो नाही. माणसं आणि जनावरं मारण्यासाठी इतकी सुरेख व्यवस्था केलेली पाहून माझं मन रमेना.

मंगळवार : पॅन्थिऑन, सीझरचा चौक, शांतीची वेदी

पॅन्थिऑनच्या माथ्यावर लिहिलंय की लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं. अग्रिप्पाने बांधलेलं देऊळ केव्हाच जळून गेलं होतं. आज उभं आहे ते हेड्रियनने इ.स. 126 च्या सुमारास पुरं केलेलं. जगातला सगळ्यात सुंदर घुमट बांधून झाला आणि सम्राटाने दर्शनी पट्टीवर नाव दीडशे वर्षं जुन्या माणसाचं ठेवलं. काल गेटाचं खरवडलेलं नाव पाहून आल्यामुळे हे जास्तच जाणवलं.

घुमटाचा व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. लोखंडी सळ्या नाहीत, नुसतं काँक्रीट. चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून ते केलेलं. खाली जड दगडाची खडी, वर जाल तशी हलकी, आणि माथ्याजवळ पाण्यावर तरंगेल असा प्युमिस. मध्यभागी जवळपास नऊ मीटरचं उघडं भोक. त्यातून येणारा उन्हाचा गोळा भिंतीवरून सरकत असतो. आम्ही बाकावर बसून तो सरकताना पाहत होतो. इ.स. 609 मध्ये इथे चर्च झालं, म्हणून छप्पर आणि दरवाजे राहिले. आता पर्यटकांना तिकीट आहे आणि ते असावंच.

तिथून चालत लार्गो अर्जेंटिना. गाड्या आणि ट्राम यांच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीखाली चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत. सीझरचा खून फोरममध्ये झाला असं अनेकांना वाटतं. तो झाला इथे, पॉम्पे या सेनापतीच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात, 15 मार्च इ.स.पू. 44 रोजी. सिनेटची बैठक त्या दिवशी इथे होती. 2023 पासून खाली उतरून मार्गिकेवरून फिरता येतं. सभागृहाच्या पायाचे थोडे दगड देवळांच्या मागे दिसतात आणि त्यांच्यावर मांजरं पहुडलेली असतात.

सीझरला मारणाऱ्यांना प्रजासत्ताक वाचवायचं होतं. झालं उलटंच. त्याचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना संपवून इ.स.पू. 27 मध्ये ऑगस्टस झाला. त्याची शांतीची वेदी, आरा पाचिस, टायबरकाठी काचेच्या इमारतीत आहे. संगमरवरावरची वेलबुट्टी बारकाईने पाहिली की त्यात सरडे आणि बेडूकही सापडतात. पण मला पाहायची होती ती बाहेरची भिंत. ऑगस्टसने स्वतःच्या कर्तृत्वाची जी यादी लिहून ठेवली होती, ती आख्खी त्या भिंतीवर कोरलेली आहे. किती देवळं दुरुस्त केली, किती पैसे वाटले, किती खेळ भरवले. त्या यादीत एक ओळ अशी की भारतातल्या राजांचे वकील, म्हणजे दूत, आपल्या दरबारी वारंवार आले. आमच्याकडे तेव्हा सातवाहनांचा काळ. हे वकील नेमके कोणत्या राजांचे ते यादीत लिहिलेलं नाही. सम्राटाला स्वतःचं नाव तेवढं महत्त्वाचं वाटलं.

बुधवार : ओस्तिया

पिरॅमिदे स्थानकाशेजारून सुटणाऱ्या लोकलने अर्ध्या-पाऊण तासात ओस्तिया अँतिका येतं. हे रोमचं बंदर. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात गर्दी लोटते, इथे चार माणसं. रोमला जाणाऱ्या मराठी माणसाला मी पहिल्यांदा ओस्तियाच सुचवीन.

दहा लाखांचं शहर खाणार काय, हा रोमच्या राजकारणातला कायमचा प्रश्न होता. इ.स.पू. 123 मध्ये गायस ग्राक्कस या ट्रिब्यूनने नागरिकांना स्वस्त धान्य देण्याचा कायदा आणला. पुढे ते फुकटच मिळू लागलं आणि ऑगस्टसच्या काळात दोन लाख माणसांची नावं त्या यादीवर होती. हे धान्य इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजांनी यायचं. धान्याच्या या साऱ्या कारभाराला अन्नोना म्हणत. जहाजं उशिरा आली की रोममध्ये दंगल.

नाट्यगृहाच्या मागे एक मोठा चौक आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना जहाजवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ओळीने कचेऱ्या, आणि प्रत्येकीच्या दारात पांढऱ्या-काळ्या दगडांचं मोझेक. तीच त्यांची पाटी. सार्डिनियातल्या कालियारीच्या जहाजवाल्यांनी जहाज काढलंय आणि गावाचं नाव लिहिलंय. लिबियातल्या साब्राथाच्या लोकांनी हत्ती काढलाय. कुठे दीपगृह, कुठे धान्य मोजायचं माप. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं कुठे जायचं. ताई तिथे पुढे सरकेना. एकेका दारात उभी राहून कोणाचा धंदा कसला हे ती लावत होती.

पुढे पिठाच्या गिरण्या आहेत. काळ्या ज्वालामुखी खडकाचं, डमरूच्या आकाराचं वरचं जातं, आणि त्याला जनावर जुंपायला खाचा. दगडाला हात लावला की खरखरीतपणा अजून जाणवतो. गरिबांच्या चाळी, ज्यांना इन्सुला म्हणत, त्या इथेच सगळ्यात चांगल्या पाहायला मिळतात. खाली दुकानं, वर तीन-चार मजले, वरच्या मजल्यांवर पाणी नाही की चूल नाही. म्हणून लोक खायचे कोपऱ्यावरच्या थर्मोपोलियममध्ये, म्हणजे खानावळीत. असं एक आख्खं दुकान उभं आहे. दगडी कट्टा, मागे मांडण्या, आणि भिंतीवर रंगवलेली मुळा-फळांची चित्रं. चित्रांचं ते दरपत्रकच म्हणायचं.

गुरुवार : आप्पियन रस्ता आणि पाववाला

इ.स.पू. 312 मध्ये आप्पियस क्लॉडियस याने सेन्सॉर, म्हणजे शिरगणती करणारा मोठा अधिकारी, असताना रोमचा पहिला मोठा रस्ता आणि पहिला पाण्याचा पाट, दोन्ही काढले. दोघांनाही त्याचंच नाव. रस्त्याला 2024 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. काळ्या मोठ्या फरशा, दोन्ही बाजूंना पाइन वृक्ष आणि थडगी. शहराच्या हद्दीत मेलेल्यांना पुरायला मनाई होती, म्हणून वेशीबाहेर रस्त्याकडेला थडग्यांची रांग लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याने नाव वाचावं हाच हेतू. याच रस्त्यावर इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसच्या सहा हजार साथीदारांना क्रूसावर चढवलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही.

एका थडग्यावर तीन चेहरे आहेत. गायस राबिरियस हर्मोदोरस, त्याच्याशेजारी लुसिया राबिरिया देमारिस, आणि ऊसिया प्रीमा, जी इसिस या इजिप्शियन देवीची पुजारीण होती. गुलाम मुक्त झाला की मालकाचं नाव आणि घराणं लावायचा, आणि त्याचं गुलामपणीचं नाव शेवटी राहायचं. हर्मोदोरस आणि देमारिस ही ग्रीक नावं, म्हणजे या दोघांनी गुलामी पाहिलेली. बायकांचं आणखी वेगळं. ज्युलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी ज्युलिया. दोघी बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी. ताई म्हणाली, "म्हणजे आपल्या दोघींना एकच हाक!"

दुपारी पाटांच्या बागेत गेलो. शेतातून मैलोनमैल चालत आलेल्या सम्राट क्लॉडियसच्या पाटाच्या कमानी तिथे उभ्या आहेत. हा पाट इ.स. 52 मध्ये पुरा झाला. लांबी सुमारे 69 किलोमीटर, पंप नाही, नुसता उतार. इ.स. 97 मध्ये पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टिनसने या कामांपुढे पिरॅमिडांना निरुपयोगी म्हटलं आहे. चोरून नळ जोडून पाणी पळवणाऱ्यांबद्दलही त्याने कळकळीने लिहिलंय. शिशाच्या नळांवर मालकाचं नाव ठोकलेलं असायचं ते काही उगाच नाही.

हे पाणी शहरात शिरायचं ती जागा म्हणजे पोर्ता माज्जोरे. ट्रामचे रूळ, गाड्यांचा गोंगाट, आणि वेशीला चिकटून एक विचित्र बांधकाम. भिंतीत ओळीने मोठमोठी गोल भोकं. हे मार्कस व्हर्जिलियस युरिसेसिस या पाववाल्याचं थडगं, इ.स.पू. पहिल्या शतकातलं. पुढे तटबंदीच्या बुरुजात ते गाडलं गेलं आणि 1838 मध्ये बुरूज पाडताना पुन्हा उजेडात आलं.

त्यावरचा लेख सरळ आहे. हे स्मारक पाववाला आणि सरकारी ठेकेदार युरिसेसिस याचं आहे, हे उघडच दिसतंय. नाव ग्रीक वळणाचं, त्यामुळे तो गुलामीतून वर आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. ती गोल भोकं म्हणजे कणीक मळायची भांडी असावीत. माथ्यावरच्या पट्टीत सगळं काम क्रमाने कोरलंय. गाढवं जातं फिरवताहेत, पीठ चाळलं जातंय, टेबलाभोवती माणसं गोळे वळताहेत, एकजण लांब फळीने पाव भट्टीत सारतोय, आणि शेवटी भल्या मोठ्या तागडीत पावाच्या टोपल्या तोलून हिशेब दिला जातोय. त्याच्या बायकोचं, आतिस्तियाचं, नावही सापडलं. तिच्या लेखात म्हटलंय की तिचे अवशेष या पावाच्या टोपलीत आहेत.

रोममधली सगळी विजयस्मारकं या एका थडग्यावरून ओवाळून टाकावीत असं मला वाटलं. ट्राजनच्या स्तंभावर सम्राटाने डासियाची, म्हणजे आजच्या रुमानियातली, लढाई कोरली. या माणसाने आपलं रोजचं काम तितक्याच अभिमानाने कोरलं, आणि तेही स्तंभाच्या शंभराहून जास्त वर्षं आधी. मला कार्ल्याचं लेणं आठवलं. तिथल्या दारावर ते करून देणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचं, सामीचं नाव आहे. खांबांवर त्याच गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं आहेत. सुतार आणि परदेशी व्यापारी एकाच चैत्यगृहात नाव लावून आहेत. सामी आणि युरिसेसिस यांच्यात फार शतकांचं अंतर नाही.

शुक्रवार : पॉम्पेई

वेगवान गाडीने सव्वा तासात नेपल्स, तिथून लोकलने पॉम्पेई. लोकल खच्चून भरलेली असते.

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला. तारीख 24 ऑगस्ट सांगतात, पण 2018 मध्ये एका घरात कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबरची तारीख सापडली आणि बरेच अभ्यासक शरद ऋतूकडे झुकले. ज्या कोणी सहज भिंतीवर ती ओळ खरडली, त्याने इतिहासाची पुस्तकं बदलायला लावली.

भिंतीच पॉम्पेईचा जीव आहेत. निवडणुकीचे प्रचारलेख लाल रंगात, मोठ्या अक्षरात. धोबी अमक्याला पाठिंबा देतात, फळवाले तमक्याला. आसेलिनाच्या खानावळीच्या भिंतीवर तिथल्या बायकांनी उमेदवारांचा प्रचार केलाय. त्यांना मताचा अधिकार नव्हता, तरी नावं ठोकून लिहिलीत. आणि एकाने लिहून ठेवलंय की भिंती, इतक्यांची कंटाळवाणी बडबड अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस?

ताईला भेटायचं होतं लुसियस सिसिलियस जुकुंडस या सावकाराला. 1875 मध्ये त्याच्या घरात मेणपट्ट्यांची पेटी सापडली. दीडशेहून जास्त पावत्या, लिलावाची रक्कम कोणाला किती दिली, साक्षीदार कोण. साक्षीदारांची नावंही मानाप्रमाणे, वरच्या दर्जाचा आधी. ताई घराच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "दोन हजार वर्षांनी हिशेब सापडला आणि सह्या जागच्या जागी आहेत. अजून काय हवं माणसाला!"

राखेतल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतून काढलेले मृतांचे आकार मी पाहिले. 1863 मध्ये फियोरेल्ली यांनी ही पद्धत आणली. त्या आकारांबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

शनिवार : नेपल्सचं संग्रहालय

जुकुंडसच्या पट्ट्या मूळ इथे आहेत. काळा कोळसा झालेला पावही आहे, वर आठ फाकांच्या खुणा. युरिसेसिसच्या भट्टीत असेच पाव शेकत असणार.

आणि इथे ती हस्तिदंती मूर्ती आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात सापडली, उंची जेमतेम वीतभर. हात वर, गळ्यात आणि कमरेला दागिने, पायांत ओळीने वाळे, बाजूला दोन छोट्या दासी. 'पॉम्पेईची लक्ष्मी' असं नाव पडलंय, पण ती यक्षी असावी असंही बरेचजण म्हणतात. पायथ्याशी खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे. डोक्यातून आरपार भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान टेबलाचा पाय असावी. अशा घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर आहेत. तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून भडोचला येतो असं नोंदलेलं आहे, पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. मूर्ती कुठे घडली याचा वाद मिटलेला नाही. पण ती आपल्याकडच्या कारागिरांच्या घराण्यातली आहे, हे मूर्ती पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला कोणी सांगावं लागणार नाही.

व्हेसुव्हियसच्याच उद्रेकात मेलेला रोमन लेखक थोरला प्लिनी तक्रार करून गेला की भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो. काळी मिरी चार दिनारला (हेही रोमन नाणं) पौंड, लांब मिरी म्हणजे पिंपळी पंधरा दिनार, असे भावही त्याने दिलेत. ताईने ते लगेच वहीत टिपून घेतले.

एकच गोष्ट मला खटकली. ही मूर्ती पॉम्पेईतल्या कामुक चित्रं-शिल्पांच्या 'गुप्त दालनात' ठेवली आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे मोठ्यांशिवाय सोडत नाहीत. तिच्या अंगावर कपडे कमी आहेत म्हणून ती तिथे गेली, पण भारतीय शिल्पात यक्षी अशाच असतात. तिची जागा व्यापाराच्या दालनात हवी, मिरीचे भाव आणि जहाजांच्या चित्रांशेजारी, आणि पाटीवर भोकरदन आणि तेर ही नावं हवीत. बाहेर पडताना अभिप्रायाची वही होती. ताईने त्यात हे इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत लिहिलं, आणि खाली दोघींनी पूर्ण नावानिशी सह्या केल्या.